धक्क्याचं भाडं ठेकेदारानं ठरवावं, हे मला अजिबात पटलेलं नाही

नागकाठ
काल 'व्यवहारी' यांनी एक लांबलचक पोस्ट टाकली. सार असं, की नागपूर आणि आसपासच्या तलाव-धरणांवरचे बोटिंगचे धक्के सरळ ठेक्यानं द्यावेत. तिकीट किती आणि धक्क्याला नाव बांधायचं भाडं किती, हे ठेकेदारानं बाजार पाहून ठरवावं. महापालिकेनं किंवा ग्रामपंचायतीनं वर्षाची रक्कम मोजून घ्यावी आणि बाजूला व्हावं. 'सरकारी माणूस मध्ये आला की तलावाचं डबकं होतं' हे त्यांचंच वाक्य. त्याखाली बऱ्याच जणांनी वा वा केलं. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून वेगळा धागा.

वडोदऱ्याचा हरणी तलाव आठवतो का? 18 जानेवारी 2024. शाळेची सहल, क्षमतेपेक्षा जास्त पोरं नावेत, सगळ्यांना लाइफ जॅकेट नाही. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तो तलाव तिथल्या महापालिकेनं ठेक्यानंच दिला होता. नावेत किती माणसं बसतात हे रोज पाहणारं कोणी नव्हतं. ज्या कार्यालयाला ठेक्याची रक्कम वेळेवर मिळते, ते कार्यालय ठेकेदाराची नाव कशाला थांबवेल? म्हणून म्हणतो, पैसा घेणारा आणि तपासणारा हे वेगळे हवेत. आणि दर बंद खोलीत ठरता कामा नयेत.

आपल्याकडे तर आधी मालक कोण तेच कळत नाही. नागपुरातला फुटाळा घ्या. तलाव भोसल्यांच्या काळचा, ताबा कृषी विद्यापीठाचा, चौपाटी नागपूर सुधार प्रन्यासनं केली, प्रेक्षक गॅलरीचं काम महामेट्रोकडे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की हा मानवनिर्मित तलाव 2017 च्या पाणथळ नियमांत बसत नाही. पण त्याच निकालात हेही आहे, की सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू होतं. म्हणजे सरकार त्या पाण्याचं राखणदार आहे. राखणदारानं किल्ल्या ठेकेदाराला देऊन घरी जायचं नसतं.

माझं मागणं एवढंच: दर उघड्या सभेत ठरावेत, धक्क्यावर मोठ्या अक्षरांत फलक असावा, प्रत्येक नावेवर माणसांची मर्यादा रंगवलेली असावी, जमा झालेला पैसा त्याच तलावावर खर्च व्हावा. आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्या डोंग्याला बांधणावळ नको.

व्यवहारी
माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो. हरणीचं उदाहरण देऊन लोकांना घाबरवणं सोपं आहे. तिथं महापालिका होतीच ना? करारावर सही तिचीच होती. मग तुमच्या 'देखरेखी'नं काय वाचलं?

गांधीसागर तलावावर पूर्वी नावा चालायच्या. लहानपणी आम्ही महाल भागातून चालत जायचो, नावेत बसायचो. आज काय आहे? अंबाझरीत जलपर्णी किती पसरली ते जाऊन पाहा. ज्यांना पाण्यावरचं झाडझुडूप काढता येत नाही, त्यांनी नावेचे दर ठरवायचे? आणि कुठल्या सभेत हो? 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. त्यानंतर वर्षानुवर्षं सभाच नव्हती. तेव्हा तुमचा दरफलक कोणी मंजूर केला असता?

माझ्या भावानं एका तलावावर बोटिंगसाठी निविदा भरली होती. गाव सांगत नाही. दर समितीनं ठरवले, ते बदलायला तीन टेबलं. डिझेल वाढलं, दर तेच. रविवारी रांग लागायची, मंगळवारी कुत्रं फिरकायचं नाही, पण तिकीट दोन्ही दिवशी एकच. शेवटी अनामत सोडून आला. नावा तिथंच सडल्या. हा तुमच्या उघड्या सभेचा नमुना.

लाइफ जॅकेट सक्तीचं हवं, ते मान्य. ते कोणाला अमान्य आहे?

अंबाझरीखालचा
अंबाझरीचं नाव निघालंच आहे तर बोलतो. तुम्ही सगळे तिकिटावर भांडा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला आणि आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी आलं. आई झोपलेली होती. खाटेसकट उचलून जिन्यावर नेली. फ्रिज तरंगत होता. नंतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला. 1870 च्या सुमाराचं मातीचं धरण आहे, खाली अर्धं पश्चिम नागपूर झोपतं, आणि ओसंडणाऱ्या पाण्याच्या वाटेत स्मारक बांधलंय. उच्च न्यायालयात जावं लागलं तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली. आधी भिंत सांभाळा, मग बोटीचं बोला.

नागकाठ
तुमच्यावर जे गुदरलं ते खरंच वाईट. पण माझा मुद्दा तोच आहे. जबाबदारी एकाच्या गळ्यात नसली की भिंतही कोणाची नसते आणि धक्काही.

व्यवहारी, दर बदलायला तीन टेबलं लागत असतील तर टेबलं कमी करा. दरच ठेकेदाराच्या खिशात टाकणं हा त्यावरचा उपाय नाही.

कुहीवाला
मी ढिवराचा, म्हंजे मासेमाराचा पोरगा हाय, कुही तालुक्यातला. दोघंही शहरातले, दोघंही बोटिंग बोटिंग करून राहिले. बांधणावळीची गोष्ट नागकाठ भाऊनं शेवटी एका ओळीत केली. आमच्यासाठी सारी गोष्टच तेवढी हाय.

गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 मध्ये राजीव गांधींनी केलं. आमचं गाव पाण्यात गेलं. आजोबाच्या वावरावरून आता बोटी चालतात. घाट होता, तिथं आमचे डोंगे बांधलेले राहायचे. खुंटा आमच्या बापानं ठोकलेला. आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाले लोक यायचे, त्यायले पार करून द्यायचे ते आमचेच लोक. आता पूल झाला, चांगलं झालं, त्याचा राग नाही. पण आता तिथं पर्यटन करायचं म्हणतात, अन् व्यवहारी साहेब म्हणतात की धक्क्याले नाव बांधायचं भाडं ठेकेदार ठरवन. काहून बाप्पा? मच्छीमार संस्थेनं पाण्याचा ठेका भरला, त्याचे पैसे अलग. वरून खुंट्याचे अलग?

अन् मोटारबोट आली की जाळं तुटते. रात्री टाकलेलं जाळं सकाळी पंख्यात गुंडाळलेलं. कोणी भरून देते का?

व्यवहारी
भाऊ, मी पर्यटनाच्या बोटींबद्दल बोलत होतो. तुमच्या डोंग्यांबद्दल नाही.

कुहीवाला
तुमच्या पोस्टीत 'धक्क्याला लागणारी प्रत्येक नाव' असंच लिहून हाय. वाचा परत.

निवृत्त_अभियंता
मी पाटबंधारे खात्यात होतो, त्यामुळे थोडं स्पष्ट करतो. जलाशय जलसंपदा विभागाचा. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय. पर्यटन आलं की पर्यटन महामंडळ. जंगल लागून असेल तर वनविभाग, जसं पेंचला. एकाच पाण्यावर चार खाती, आणि प्रत्येकाचा नकाशा वेगळा. धक्का ज्या काठावर टेकतो ती जमीन बुडीत क्षेत्रात आहे की बाहेर, यावरून महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो.

पण कुहीवाले भाऊ, एक गोष्ट कडू आहे ती सांगतो. डोंग्यांची नोंद झालीच पाहिजे. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची सोय आहे. ती वापरायलाच हवी. सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली, एकाच गोतावळ्यातली 11 माणसं गेली. ती काही मोटारबोट नव्हती.

कुहीवाला
नोंद म्हणजे काय होते, ते तुमाले खुर्चीतून दिसलं नाही. नोंद म्हणजे दाखला, दाखल्याले चक्कर, चकरेले चहापाणी. डोंगा सागाच्या लाकडाचा, बापाच्या हातचा. त्याची किंमत साहेब कागदावर ठरवन?

गेल्या साली नाही, 2024 च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात गणपूरच्या बायका मिरची तोडाले वैनगंगा पार करून चालल्या होत्या. डोंगा उलटला, 6 जणी गेल्या. त्यायले हौस होती का? मजुरी पलीकडं होती म्हणून गेल्या. तिथं धक्का कोणी बांधला नाही, जॅकेट कोणी देलं नाही. आता बोटिंगवाल्यांसाठी मात्र तरंगता धक्का लगेच होते.

निवृत्त_अभियंता
मी चहापाणी घेतलेला माणूस नाही. हे शब्द मागे घ्या.

कुहीवाला
तुमाले म्हटलं नाही. खात्याले म्हटलं. लागत असन तर माह्याकडं इलाज नाही.

रामटेककर_ताई
दोघंही थांबा जरा. मी रामटेकची. माहेरची माणसं आली की तलाव दाखवायला नेतोच. मागच्या दिवाळीत नागपूरजवळच्या एका तलावावर गेलो. जॅकेट दिलं, पण त्याचा पट्टा तुटलेला. माझ्या भाचीच्या अंगात मोठ्या माणसाचं जॅकेट, ते मानेवरून वर सरकत होतं. मी म्हटलं लहान द्या. तो पोरगा म्हणाला, 'मॅडम, काही होत नाही.' पावती मागितली तर म्हणाला, 'संपली.' तक्रार कुठं करायची हे विचारलं, तर त्यानं डोंगराकडं हात केला. व्यवहारी भाऊ, बाजार तिथं होताच की. बाजारानं पट्टा का नाही शिवला? पर्याय नव्हता म्हणून. एका तलावावर एकच ठेकेदार, त्याला कोणाची स्पर्धा? उतरून दुसऱ्या धक्क्यावर जाऊ असं म्हणता येतं का?

आणि वेणा धरणावर 2017 च्या जुलैमध्ये नाव उलटून पोरं बुडाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरची तरणीताठी पोरं होती. त्या वेळी आठवडाभर सगळी कार्यालयं जागी झाली, काठावर पाट्या लागल्या. पुढं काय?

व्यवहारी
ताईंचा एक मुद्दा मानावा लागेल. एका पाण्यावर एकच ठेकेदार असेल तर त्याला बाजार म्हणता येत नाही. मग दोन ठेकेदार ठेवा. तरी दर सभेत ठरवणं मला चुकीचंच वाटतं. कमाल दर सभेनं ठरवावा, त्याखाली ठेकेदारानं काय घ्यायचं ते त्याच्यावर सोडावं. यापुढं मी जाणार नाही.

नागकाठ
कमाल दर चालेल. पण तो फलकावर हवा आणि पावती छापील हवी.

कुहीवाला
झालं तुमचं? आता माहं ऐका. धक्का सुधरला, दर ठरले, पावती छापली. पाण्याचं काय? नागपूरचं सारं सांडपाणी नाग नदीतून कन्हानले, कन्हानमधून वैनगंगेले, अन् तिथून आमच्या जलाशयात. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार, वास सुटते. अंगाले खाज. माश्याले भाव नाही, व्यापारी म्हणते 'गोश्याचा माल नको.' तुमी बोटीत जॅकेट घालून बसान, आमी त्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरून जाळं सोडवतो. नागपूरनं आमाले भाडं द्यावं, उलटं आमालेच मागता.

अंबाझरीखालचा
हे मात्र खरं. ती नदी अंबाझरीच्या खालूनच वाहते. आमच्या घरात पाण्यासोबत जो गाळ आला होता त्याचा वास भिंतीतून महिनाभर गेला नाही. तुम्ही वर्षभर त्यात उतरता.

निवृत्त_अभियंता
नाग नदीच्या शुद्धीकरणाची योजना जवळपास दोन हजार कोटींची आहे. केंद्राची मंजुरी मिळून वर्षं झाली. कुहीवाले भाऊंचं म्हणणं मला टाळता येत नाही. जलाशयाचं पाणी बिघडलं तर आमच्या खात्यालाही ते सिंचनाला सोडताना विचार करावा लागतो. पण ते आणि नावेची नोंद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाणी घाण आहे म्हणून नाव तपासायची नाही, हे मी मान्य करणार नाही.

कुहीवाला
तपासा. पण गावात येऊन तपासा, नाव्याले तालुक्याले बोलावू नका. ग्रामसभेत वही ठेवा, सरपंच अन् संस्थेचा माणूस सही करन. फी एक रुपया नाही. एवढं असन तर माह्या डोंग्यावर मीच आकडा रंगवतो.

निवृत्त_अभियंता
ग्रामसभेत वही, चालेल. फुकट, तेही चालेल. फुटलेल्या तळाच्या डोंग्याला सरपंचानं सही देऊ नये, एवढंच.

व्यवहारी
आणि पर्यटनाच्या बोटीला जाळ्याची नुकसानभरपाई करारात लिहावी, हे मीच सुचवतो. विम्याशिवाय ठेका नको. बघा, ठेका शब्द मी अजून सोडलेला नाही.

रामटेककर_ताई
जाळी कुठं टाकलीत ते बोटवाल्याला कळणार कसं? रात्रीच्या जाळ्याला खूण हवी, आणि बोटींचा पट्टा ठरलेला हवा. हे दर ठरवण्यापेक्षा आधी करा.

कुहीवाला
खूण आमी लावतो, थर्माकोलचा तुकडा बांधून. तुमच्या बोटवाल्याले तो कचरा वाटते.

नागकाठ
मी सोमवारी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. महापालिका, सुधार प्रन्यास, जलसंपदा आणि पर्यटन महामंडळ, चौघांनाही. विचारणार: तुमच्या ताब्यातल्या पाण्यावर किती धक्के, दर कोणी आणि केव्हा ठरवले, जमा किती झाली, तलावावर खर्च किती, नावांची शेवटची तपासणी कोणी केली. आणखी काही घालायचं असेल तर रविवारपर्यंत इथंच लिहा.

व्यवहारी
ठेकेदारांनी दर वाढवून मागितले तेव्हा उत्तर द्यायला किती महिने लागले, तेही विचारा. नाही तर अर्ज एकतर्फी होईल.

नागकाठ
घालतो.

कुहीवाला
गोसेखुर्दच्या काठावरचे जुने घाट आता कोणाच्या नावानं हायेत, ते पयले विचारा. मत्स्यव्यवसाय खात्याले पण पाठवा, ते तुमच्या यादीत नाही.