मदत हवी आहे: मॉडबस टीसीपीवर चालणारा कंट्रोलर दोन-चार दिवसांनी जोडणी नाकारतो

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावी जलशुद्धीकरण केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. फिल्टर हाऊसच्या पॅनेलमध्ये रेलवर एक फील्डबस कंट्रोलर (सेन्सर आणि व्हॉल्व्ह नेटवर्कला जोडणारा छोटा संगणक) बसवलेला आहे. त्याच्या डिजिटल आउटपुटवर बॅकवॉशचे (फिल्टरचा बेड उलट्या दिशेने पाणी सोडून धुण्याचे) वॉश वॉटर आणि ड्रेनचे व्हॉल्व्ह आहेत. बेडची लेव्हल आणि टर्बिडिटी (पाण्याचा गढूळपणा) ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलवर येते. कंट्रोल रूममधला लिनक्सचा पीसी साधारण ८० मीटरवर आहे आणि मध्ये एक साधा स्विच. मी लिहिलेली पायथॉनची स्क्रिप्ट दर सेकंदाला मॉडबस टीसीपीने (नेटवर्कवरून यंत्रांचे आकडे वाचायची-लिहायची पद्धत) पोर्ट ५०२ वर फंक्शन कोड ०३ (वाचण्याची आज्ञा) वापरून २० रजिस्टर, म्हणजे आकड्यांचे कप्पे, वाचते. बॅकवॉशच्या वेळी तीच स्क्रिप्ट कॉइल (चालू-बंदचा एक बिट) लिहून व्हॉल्व्ह उघडते.

दोन-चार दिवस सगळं नीट चालतं, मग अचानक 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. कधी आठ दिवस काहीच होत नाही, कधी दुसऱ्याच दिवशी होतं. तेव्हाही पिंगला उत्तर येतं आणि कंट्रोलरचे सगळे दिवे हिरवे असतात. पॅनेलचा एमसीबी पाडून चढवला की लगेच सुरू. रात्री दोनला ऑपरेटर काकांचा फोन येतो आणि त्यांना टॉर्च घेऊन फिल्टर हाऊसपर्यंत जावं लागतं. गावाचं पाणी यावर आहे, त्यामुळे जीवाला घोर लागतो.

केबल बदलली, स्विच बदलला, टाइमआउट १ सेकंदावरून ३ केला. वायरशार्क (नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पाहिलं तर पीसीकडून सिन (जोडणीची विनंती) जातो आणि कंट्रोलर त्याच क्षणी आरएसटी (नकार) पाठवतो.

आणखी दोन गोष्टी. पीसी रीस्टार्ट झाला की १० सेकंदांनी कंट्रोलरचा वॉचडॉग (पीसीकडून काही आलं नाही तर कारवाई करणारा टायमर) सगळे आउटपुट पाडतो. तो बंद करून टाकू का? आणि आरएस-४८५ गेटवेमागच्या (सिरियल तारेवरची उपकरणं नेटवर्कला जोडणारा डबा) फ्लो मीटरवर ५० घनमीटर दिसत असताना माझ्याकडे जवळजवळ शून्य येतं. कधी तर भलताच प्रचंड आकडा.

प्रतिसाद १

फ्लो मीटरचं सोपं आहे. मॉडबसचं रजिस्टर १६ बिटांचं, तुमचा आकडा ३२ बिटांचा फ्लोट (दशांश आकडा), म्हणजे दोन रजिस्टर. एका रजिस्टरमधले बाइट कोणत्या क्रमाने जातात ते मॉडबसने ठरवून दिलंय. दोन रजिस्टरांतलं आधी कोणतं, हे ठरवलेलं नाही, ते प्रत्येक मीटरवाला आपापलं ठरवतो. तुमची जोडी उलटी लागतेय, अदलाबदल करून बघा. मॅन्युअलातला ४०००१ हा पत्ता तारेवर ० म्हणून जातो, तेही तपासा. एकाने चुकलात तर शेजारच्या दोन आकड्यांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले जातात.

प्रतिसाद २

लगेच आरएसटी येतोय म्हणजे नेटवर्क ठीक आहे, कंट्रोलर जिवंत आहे, आणि त्याच्याकडे नव्या जोडणीला जागा उरलेली नाही. तीन गोष्टी सांगा. एका वेळी किती जोडण्या चालतात असं मॅन्युअल म्हणतं? एरर आल्यावर स्क्रिप्ट जुनी जोडणी बंद करते का, की तशीच टाकून नवी उघडते? आणि तुमच्याकडे लाईट किती वेळा जाते?

धागाकर्ता

सर, मॅन्युअलात ५ लिहिलंय. स्क्रिप्ट एरर आली तरी जोडणी बंद करूनच पुढे जाते, आज पुन्हा ओळ न् ओळ वाचली. लाईट मात्र काही दिवशी दोनदा जाते, काही आठवडे एकदाही नाही. पीसीचा यूपीएस पावसाळ्यात गेला, तेव्हापासून पीसी थेट लाईटवर आहे. पॅनेलच्या २४ व्होल्टला बॅटरी आहे, ते बंद पडत नाही.

प्रतिसाद २

मग सापडलं. लाईट गेली की पीसी कोणालाही न सांगता मरतो. जोडणी संपली हे कळवणारा फिन पाठवायला त्याला वेळच मिळत नाही. कंट्रोलर बॅटरीवर जागा असतो आणि ती जोडणी चालूच आहे असं धरून बसतो. मॉडबसमध्ये तो सर्व्हर आहे, विचारल्याशिवाय बोलत नाही. म्हणून समोरचा गेलाय हे त्याला कधीच कळत नाही. लाईट आली की पीसी नवी जोडणी उघडतो. असं पाचदा झालं की पाचही जागा मेलेल्या जोडण्यांनी भरतात. तुमच्या आठ दिवस-एक दिवसाचा हिशेब घड्याळाशी जुळणार नाही, लाईटशी जुळेल.

खात्री करून घ्या. बॅकवॉश चालू नसताना कंट्रोलर एकदा बंद-चालू करा आणि स्क्रिप्ट जोडू द्या. मग पीसीची लॅन केबल काढा, पीसी नीट शटडाऊन करा, केबल लावून पुन्हा चालू करा. पाचव्या खेपेनंतर नकार मिळाला पाहिजे.

उपाय कंट्रोलरच्या बाजूने हवा. लिनक्समध्ये कीपअलाइव्ह (समोरचा आहे का ते अधूनमधून तपासणं) लावून इथे फायदा नाही (तो मुळात ७२०० सेकंदांवर असतो, पण प्रश्न तो नाही), कारण मरणारी बाजूच पीसीची आहे. कंट्रोलरच्या वेब पानावर जोडणी रिकामी पडली तर किती वेळाने तोडायची, अशी सेटिंग शोधा. आणि पीसीला यूपीएस द्याच.

वॉचडॉगला मात्र हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतोय. बॅकवॉशच्या मध्येच पीसी मेला आणि व्हॉल्व्ह उघडे राहिले, तर वॉश टँकमधलं शुद्ध केलेलं पाणी ड्रेनने वाहून जाईल आणि रात्री कोणाच्या लक्षातही येणार नाही. खरी दुरुस्ती वेगळी आहे. तुमचा नुसता कपलर (फक्त सिग्नल इकडून तिकडे नेणारा) नाही, कंट्रोलर आहे. त्यात आयईसी ६११३१-३ चा (कंट्रोलरच्या प्रोग्रॅमिंग भाषांचं मानक) प्रोग्रॅम चालतो. बॅकवॉशचा क्रम आणि टायमर त्याच्यात टाका. पीसीने फक्त 'सुरू कर' एवढं एक रजिस्टर लिहावं. मग पीसी असो वा नसो, धुणं सुरू झालेला बेड धुऊन पूर्ण होईल.

धागाकर्ता

सर, काल दुपारी तसंच करून पाहिलं. चार खेपा व्यवस्थित गेल्या, पाचव्या रीस्टार्टनंतर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. तीन महिने मी केबल आणि स्विचच बदलत होतो. सेटिंग सापडली, ० होती, म्हणजे कधीच तोडायची नाही. ६० सेकंद केली. पीसी दर सेकंदाला विचारतो, त्यामुळे चालू जोडणीला धक्का नाही. पुन्हा तोच प्रयोग सात वेळा केला, प्रत्येक खेपेला मिनिटभर थांबून. एकदाही नकार नाही.

फ्लो मीटरची जोडी उलटीच होती, आता आकडा मीटरशी जुळतो. यूपीएसच्या बॅटरीची मागणी आज लिहून दिली. वॉचडॉग आहे तसाच ठेवलाय. बॅकवॉशचा क्रम लॅडरमध्ये (त्या मानकातली, शिडीसारख्या आकृतीची भाषा) लिहायला घेतो. सध्या धुण्याच्या वेळा ऑपरेटर काकांच्या अंदाजावर ठरतात, म्हणून आधी त्यांच्याबरोबर दोन बेड धुताना उभा राहून वेळा टिपून घेणार आहे. लॅडर झाला की इथेच टाकतो, नजर टाकाल का?

प्रतिसाद २

नक्की टाका. ड्रेन पूर्ण उघडल्याचा लिमिट स्विच आल्याशिवाय वॉश वॉटर उघडणार नाही, ही अट लॅडरच्या पहिल्याच रंगमध्ये (पायरीत) घाला.