नववीच्या पोरांना सकाळी सातची शाळा कशासाठी?

अर्धवटझोप (डोंबिवली)
आज सकाळी पावणेसहाला मुलगा पलंगाच्या कडेवर बसलेला दिसला. एक मोजा पायात, दुसरा हातात आणि डोळे मिटलेले. बसल्या बसल्या झोपला होता. व्हॅन सहा वीसला खाली हॉर्न देते. तोवर चार हाका, एक ओरडा आणि शेवटी ओला हात तोंडावरून, हे आमचं रोजचं. नववीत आहे. साडेदहाला दिवा बंद होतो, पण साडेअकरापर्यंत कूस बदलत पडलेला असतो. झोप होते जेमतेम सहा तास. या वयाला ८ ते १० तास लागतात.

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. छान केलं. पण माझी पहिलीतली भाची रात्री नऊला मान टाकते आणि सकाळी सहाला उठून घर डोक्यावर घेते! वयात आल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होऊ लागतं, तास-दोन तासांनी. मग सवलत चौथीपर्यंतच का? खरी गरज आठवी-नववी-दहावीला आहे. माझं मत स्पष्ट आहे: माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नये.

जुनाखडू
ताई, दिवा साडेदहाला बंद होतो, मोबाइल कधी बंद होतो? एकतीस वर्षं सकाळच्या अधिवेशनाला पहिल्या तासाला गणित शिकवलंय. डुलक्या घेणारी पोरं सोमवारी सगळ्यात जास्त असायची, कारण रविवारी अकराला उठलेली. हा शरीराचा दोष नाही, घरच्या शिस्तीचा आहे. शाळा नऊची करा, पोरं एकला झोपतील. लिहून घ्या.

पश्चिमवारा (सॅन होजे)
काका, हे तपासून झालंय. सिएटलमध्ये २०१६ साली हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं, तर झोप ३४ मिनिटांनी वाढलेली. वेळ पुढे गेली ५५ मिनिटं. म्हणजे २१ मिनिटांपुरते तुम्ही बरोबर! इकडे कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे, बहुतेक सरकारी हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. माझी लेक आता साडेसातला उठते. कुरकुर तेवढीच, पण निदान नाश्ता करून जाते.

दोनपाळी
अमेरिकेचं कौतुक पुरे. मी शाळेच्या ऑफिसात बसते. आमच्याकडे सकाळी माध्यमिक, साडेबाराला त्याच बाकांवर प्राथमिक. मधल्या वीस मिनिटांत शिपाईमामा वर्ग झाडतात, तेवढ्यात फळ्यावरचा भूमितीचा वर्तुळखंड पुसला जातो आणि तिथे बाराखडी येते. सातचे साडेआठ केले तर दुसरीतली पोरं संध्याकाळी साडेसातला सुटणार. त्यांना अंधारात कोण न्यायला येणार? व्हॅनवाल्यांच्या तीन-तीन फेऱ्या लागलेल्या असतात, ते वेगळंच. आधी खोल्या द्या, मग मेलाटोनिनचं बोलू.

अर्धवटझोप
खोल्यांचं मान्य. पण मग दुपारची पाळी मोठ्यांना द्या ना, सकाळची छोट्यांना. ती उठतात.

दोनपाळी
आणि सरकारचा नऊचा आदेश? तो छोट्यांनाच तर आहे!

घड्याळजी
जरा अवांतर. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७३ अंशांच्या आसपास. म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या जवळजवळ ३९ मिनिटं मागे. मुंबईची जुनी स्थानिक वेळ, 'बॉम्बे टाइम', तेवढीच मागे होती. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, आणि पोरं सातला प्रार्थनेला उभी. जुनाखडू काका, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला तर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे रात्री झोप लवकर येते म्हणतात. तो पडायला आधी उगवायला नको का?

जुनाखडू
आम्हीही याच सूर्याखाली शिकलो.

पश्चिमवारा (सॅन होजे)
आणि झोपायचात किती वाजता? रात्री नऊला गाव सामसूम.

जुनाखडू
तेच तर सांगतोय मघापासून!

दहावी_ब
मी इथे एकटाच विद्यार्थी दिसतोय. वेळापत्रक देतो. शाळा सात ते साडेबारा. संध्याकाळी क्लास साडेसात ते साडेनऊ. घरी येऊन जेवेपर्यंत सव्वादहा. मग क्लासचा होमवर्क, मग शाळेचा. मोबाइल साडेअकरानंतर, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर सगळे तुटून पडतात. शाळा साडेआठची केलीत तर क्लासवाले आनंदाने सकाळी सहाची बॅच काढतील. आमच्या सरांनी काढली पण आहे, फक्त रविवारी.

जुनाखडू
क्लासबद्दल बाळा शंभर टक्के सहमत. बाकी माझा शब्द मागे घेत नाही.

अर्धवटझोप
काका, मोबाइल तीन आठवडे रात्री फ्रिजवर ठेवून पाहिला. झोप लागायला वीसेक मिनिटं कमी लागली, हे प्रामाणिकपणे सांगते. तरी पावणेसहाला मोजा हातातच. मुलाचा क्लास साडेनऊऐवजी साडेआठला सुटेल का, ते उद्या विचारणार आहे. शाळेच्या वेळेचं पालकसभेत काढेन. सभा शनिवारी आहे, सकाळी सव्वासातला.