जपून खेळायचा खेळ नाही हा

एकांनी विचारलंय, 'व्हीलचेअर रग्बी, म्हणजे चाकाच्या खुर्चीत बसून खेळायची रग्बी, जपून-जपूनच खेळत असतील ना?' अजिबात नाही भाऊ. कॅनडातल्या विनिपेगमध्ये 1970 च्या दशकात हा खेळ निघाला तेव्हा त्याचं नावच 'मर्डरबॉल' होतं. खुर्चीवर खुर्ची आदळणं नियमातच बसतं.

2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकची फायनल, जपाननं अमेरिकेला 48-41 हरवलं ती, मी दारव्ह्याकडच्या आमच्या गावात रेंजसाठी गच्चीवर बसून पाहिली. खरी गंमत गुणांची. हातांत आणि धडात किती जोर उरलाय त्यानुसार प्रत्येकाला 0.5 ते 3.5 गुण, आणि मैदानातल्या चौघांची बेरीज 8 च्या वर नको (बाई खेळत असेल तर दर बाईमागे अर्ध्या गुणाची सूट). म्हणून चारही तगडे उतरवताच येत नाहीत. 0.5 वाला बॉल कमी धरतो, समोरच्याची खुर्ची अडकवून वाट रोखतो. मला तोच आवडला.

माझा मावसभाऊ कापसाच्या गाडीवरून पडला, मानेला मार बसला, बोटं वळत नाहीत. त्याला मॅच दाखवली तर बॉलकडे लक्षच नाही. हातमोजे घातलेल्या तळव्यानं चाक कसं ढकलतात, तेवढंच व्हिडिओ मागं नेऊन-नेऊन पाहत बसला. मग म्हणे, "दादा, आपल्या खुर्चीचं चाक असं तिरपं काऊन नाही?" तिरप्या चाकांनी खुर्ची झटकन वळते, सांगितलं. आमच्या अंगणात मात्र पुढची बारकी चाकं पावसाळाभर काळ्या मातीत रुतलेली असतात.