एस्थर मॅकॉय यांची पत्रं: फक्त व्यावसायिक वाचली तर चालेल का?

कौलारू: प्रबंधाचा विषय वास्तुविशारद अर्व्हिंग गिल यांनी बांधलेलं लॉस एंजेलिसमधलं डॉज हाउस हे घर. १९७० मध्ये ते पाडलं गेलं. ते पाडलं जाऊ नये म्हणून धडपडलेल्या वास्तु-इतिहासकार एस्थर मॅकॉय (१९०४–१९८९) यांचे कागद अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट या संग्रहात आहेत आणि बराच भाग स्कॅन झालाय. वैयक्तिक पत्रं सोडून दिली तर काही बिघडेल? तारीख नसलेल्या पत्रांचं काय करायचं? आणि मजकूर छापायला परवानगी लागते का?

दफ्तरदार: सोडू नका. १९४४ ते ४७ मॅकॉय वास्तुविशारद रुडॉल्फ शिंडलर यांच्याकडे ड्राफ्टिंग, म्हणजे नकाशे काढायचं काम, करत होत्या. ज्या वास्तुविशारदांवर त्यांनी पुढे लिहिलं त्यातले कित्येक आधीपासून ओळखीचे, त्यामुळे इमारतीची गोष्ट घरगुती पत्रातही सापडते. उलट, नुसता पत्रव्यवहाराचा विभाग वाचूनही भागणार नाही. डॉज हाउसच्या मोहिमेचे कागद प्रकल्पांच्या विभागात आहेत आणि गिल यांचे वास्तुविशारदांच्या फायलींत. स्कॅन फोल्डरवार आहेत, पत्रवार नाहीत. शोधखिडकीत फार तर फोल्डरचं नाव लागतं, आतल्या पत्रातला शब्द लागत नाही. पानं उलटावीच लागतात. पहिल्या दिवसापासून बॉक्स, फोल्डर आणि प्रतिमा क्रमांक लिहीत जा, नाहीतर तेच पत्र पुन्हा हाती लागायचं नाही.

टपालखुणा: तारखेसाठी आधी लेटरहेडवरचा पत्ता बघा. 'लॉस एंजेलिस ४६' असा शहरापुढे एक-दोन आकडी टपाल झोन असेल तर छपाई १९४३ नंतरची. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर जुलै १९६३ नंतरची. झिप नाही म्हणून पत्र जुनं ठरत नाही, छापून ठेवलेले कागद लोक वर्षानुवर्षं वापरतात.

मग वार. समजा, पत्राच्या पत्त्यात झिप आहे आणि तारीख म्हणून फक्त 'मंगळवार, १४ जून' आहे. १९६० ते १९८० मध्ये हा मेळ १९६०, १९६६ आणि १९७७ मध्येच बसतो. पत्त्यात झिप आहे म्हणून १९६० बाद, घर अजून उभं असल्यासारखा मजकूर आहे म्हणून १९७७ बाद. उरलं १९६६. प्रबंधात असं वर्ष चौकटी कंसात द्या, म्हणजे ते तुम्ही काढलंय हे वाचणाऱ्याला कळतं.

कार्बन प्रतीबाबत सावध राहा. प्रत फायलीत आहे एवढ्यावरून पत्र टाकलं गेलं असं म्हणता येत नाही. समोरच्याचं उत्तर मिळेपर्यंत 'लिहिलं' म्हणा, 'पाठवलं' नको.

हक्कसोड: कागद संग्रहाचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, ज्याला पत्र आलं त्याचा नव्हे. अमेरिकेत अप्रकाशित पत्रांना लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, संरक्षण असतं. गिल १९३६ मध्ये वारले, त्यांची पत्रं मोकळी. शिंडलर १९५३, म्हणजे २०२४ पासून मोकळी. मॅकॉय यांची मात्र २०५९ अखेरपर्यंत नाहीत. नोकरीचा भाग म्हणून कर्मचाऱ्याने लिहिलेल्या अप्रकाशित पत्राला लिहिल्यापासून १२० वर्षं धरतात, तेव्हा घराची मालकी असलेल्या शाळा मंडळाकडून आलेली पत्रं वेगळी काढून ठेवा. प्रबंधात चार ओळी उद्धृत करायला सहसा अडचण येत नाही. अख्खं पत्र किंवा त्याचा फोटो छापायचा असेल तर आधी वारसांकडे लेखी विचारा. संग्रहाची परवानगी मिळाली तरी ती वारसांच्या परवानगीच्या जागी चालत नाही.