सुपरवायझरना कामगार कायदा कोण शिकवेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. गेल्या महिन्यात आमच्या एका सुपरवायझरने ओव्हरटाइमचे पैसे न लावता परस्पर बदली सुट्टी दिली. जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. नुकसान कामगारांचं झालं, फार वाईट वाटलं. एचआरला कायदा कळतो, पण रात्रपाळीत निर्णय आम्हीच घेतो ना!

कंत्राटी कामगार, प्रसूती रजेचे २६ आठवडे, नव्या चार श्रम संहिता, एवढं मराठीतून, उदाहरणं देऊन दोन दिवसांत शिकवणारं कुणी माहीत आहे का? परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत असे छोटे वर्ग होतात का? कुणी केले असतील तर कृपया सांगा.