गांडुळं मेली, गुण किती देऊ?

बी.एड.ची इंटर्नशिप चालू आहे. आठवीच्या मुलांचे गांडूळखत प्रकल्प घरोघरी जाऊन बघतेय. काल एकीच्या गोठ्यामागचं गोणपाट उचललं तर आतून वाफ! बरीच गांडुळं मेलेली, उरलेली कडेला. पोरगी रडवेली. वही मात्र नेटकी. गुण कशाचे देऊ?

— शेण ताजं घातलं असणार. ते तापतं. 15-20 दिवस मुरवून, थंड झाल्यावर घालायचं.

— हो सर, सकाळचंच होतं म्हणाली.

— उरलेली आधी जुन्या शेणात, सावलीत हलवा. का मेली ते तिलाच लिहू द्या, गुण त्याचे. आणि ज्याचा वाफा अगदी देखणा आहे ना, त्याला विचारा पाणी किती दिवसांनी मारतो. आमच्याकडे असं विचारल्यावर एकाने उत्तरासाठी वडिलांकडे बघितलं होतं!