मदत हवी आहे: प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढचा निकाल यांचा मेळ का बसत नाही?

नमस्कार. मी गणित शिकवते आणि शाळेच्या प्रवेश समितीवरही आहे. सहावीच्या प्रवेशासाठी आम्ही १०० गुणांची परीक्षा घेतो. दरवर्षी साधारण ४०० मुलं बसतात, जागा ६०. गेल्या तीन तुकड्यांचे प्रवेशाचे गुण आणि त्याच मुलांची नववीची टक्केवारी शेजारी शेजारी मांडली, तर कोरिलेशन (दोन्ही गुण किती एकत्र वर-खाली होतात त्याचं माप; ० म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) आलं अवघं ०.२१. वर्ग केला की ०.०४, म्हणजे नववीच्या गुणांतल्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के फरकाचा उलगडा या परीक्षेतून होतो.

वर्गातही तेच दिसतं. ७१ गुणांवर, यादीत अगदी शेवटी आलेली मुलगी भूमितीची सिद्धता फळ्यावर न अडखळता मांडते. ९६ मिळवून आलेल्या मुलाच्या वहीत उत्तरं बरोबर असतात, पायऱ्या नसतात, आणि गणित जरा अनोळखी असलं की पान कोरं.

समितीत आता परीक्षाच बंद करायची भाषा सुरू आहे. माझा हिशोब चुकतोय का? पुढच्या बैठकीआधी नीट समजून घ्यायचंय, कारण जी ३४० मुलं आपण परत पाठवतो, त्यांचा प्रश्न आहे.

प्रतिसाद १
ताई, हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त निवडलेल्या मुलांचा आहे. तुमच्याकडे ७१ ते ९६ एवढाच पट्टा उरलाय. ३० किंवा ५० वाली मुलं नववीत कशी चमकली असती, हे तुमच्या तक्त्यात नाहीच. पट्टा आखडला की कोरिलेशन पडतं.

याचं गाजलेलं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. अमेरिकेच्या हवाई दलाने वैमानिक व्हायला आलेल्या १,०३६ जणांना चाचणीत कितीही गुण असले तरी प्रशिक्षणाला घेतलं. सगळ्यांचा मिळून चाचणी आणि प्रशिक्षणातलं यश यांचा संबंध ०.६४ निघाला. त्यांतले फक्त वरचे १३६ धरले, तर तोच ०.१८! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९४९ मध्ये हे मांडलं. सगळ्या अर्जदारांच्या गुणांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढता येईल का? त्याची निवडलेल्यांच्या डेव्हिएशनशी तुलना करून, सगळे अर्जदार धरले असते तर कोरिलेशन किती आलं असतं, अशी दुरुस्ती सूत्राने करता येते.

प्रतिसाद २
वरचं मान्य, पण दुरुस्तीचं सूत्र दोन गोष्टी गृहीत धरतं: संबंध सरळ रेषेत आहे आणि निवड फक्त याच गुणांवर झाली. मुलाखतीचे गुण मिसळत असाल तर हे सूत्र जसंच्या तसं लागू नाही. शिवाय ७१ आणि ७० यांतला फरक त्या दिवशीच्या झोपेचाही असू शकतो. कटऑफच्या आसपासच्या मुलांचे जुने शाळेतले गुणही बघा, कारण वर्षभराचं काम एका सकाळीत मावत नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मुलाखत आम्ही घेत नाही. कार्यालयातून जुन्या याद्या काढल्या: सगळ्या अर्जदारांचं डेव्हिएशन १५, निवडलेल्यांचं ६. सूत्रात घातलं तर ०.२१ चं ०.४७ झालं. म्हणजे परीक्षा निरुपयोगी नाही, पण एका गुणावरून मूल नाकारावं इतकी धारदारही नाही. बैठकीत परीक्षा ठेवायचीच बाजू मांडेन, फक्त ६६ ते ७५ मधल्या मुलांसाठी शाळेतले मागच्या दोन वर्षांचे गुण जोडीला घ्या म्हणेन. त्या पट्ट्यात दोन्हींना किती वजन द्यावं, कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.